पांढरी चार

माणसाच्या हाताला बटण सापडले की ते फिरवून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. लॉजच्या खोलीत शिरल्याबरोबर पंख्याची कळ एकपासून पाचापर्यंत फिरवायची आणि पुन्हा तीनावर आणून ठेवायची, हा आपला जातिस्वभावच आहे. गंमत अशी की, पंखा शेवटी तीनावरच राहणार हे आपल्याला खोलीत शिरण्यापूर्वीच ठाऊक असते.

रेडिओच्या जमान्यात या खोडीला फारसा वाव नव्हता. रेडिओला दोन गोल कळा असत. एक आवाज लहानमोठा करायची, दुसरी स्टेशन लावायची. एखाद्या श्रीमंत रेडिओला खर्ज आणि तार कमीजास्त करणारी तिसरी कळ असे. तेवढ्यावर लोकांनी उभे आयुष्य सुखाने काढले. १ एप्रिल १९५५ पासून १९ एप्रिल १९५६ पर्यंत आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून माडगूळकर-फडक्यांच्या ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गीते झाली. गाणे सुरू होण्यापूर्वी लोक रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत. आमचे शिरूर त्या वेळी हैदराबाद राज्यात होते. परंतु मराठी माणूस कोणत्याही राज्यात असो, गाणे ऐकताना कोणता ‘फिल्टर’ लावावा, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

तो प्रश्न मला पडला. गेल्या दिवाळीला पुण्याहून पुतण्या आला. तो संगणकाच्या कंपनीत आहे. फराळाचे ताट बाजूला सारून त्याने पिशवीतून एक काळी डबी काढली. “काका, तुमच्याकडे एवढी जुनी गाणी आहेत आणि ती तुम्ही लॅपटॉपच्या भोकातून ऐकता! हा घ्या डॅक.” डॅक म्हणजे डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर, मराठीत सांगायचे तर अंकांचा सूर करणारी डबी. एका बाजूने तिला लॅपटॉपची तार जोडायची, दुसरीकडून ॲम्प्लिफायरला दोन तारा न्यायच्या. आई म्हणाली, “पानाचा डबा लई झ्याक हाय, पर चुना कुठं ठेवायचा?”

शिरूर कासार हे सिंदफणेच्या काठचे तालुक्याचे गाव. इथे खत मिळते, सोने मिळते, मोबाइलचे दहा प्रकारचे कव्हर मिळते. पण या डबीविषयी चार शब्द बोलावेत असा माणूस मिळणे कठीण. पुतण्या भाऊबीज आटोपून पुण्याला परतला आणि मी व ती डबी असे दोघेच उरलो. तेव्हा तिच्या पोटात काय चालते ते समजून घेणे आले. मराठीच्या प्राध्यापकाने या फंदात पडू नये असे पुष्कळांना वाटेल. मला मात्र तो विषय व्याकरणासारखा वाटला, आणि व्याकरण मला आवडते.

आवाज ही हवेतली लाट. ती साठवायची म्हणजे ठरावीक अंतराने तिची उंची मोजायची आणि तो आकडा लिहून ठेवायचा. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर हे मोजमाप दर सेकंदाला ४४,१०० वेळा केलेले असते. हा विचित्र आकडा आला कुठून? तर त्या काळी एवढे अंक साठवायला व्हिडिओ टेपचे यंत्रच हाताशी होते. चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन अंक बसवीत. अमेरिका-जपानच्या पद्धतीत उपयोगाच्या ओळी २४५ आणि सेकंदाला ६० क्षेत्रे. युरोपच्या पद्धतीत २९४ ओळी आणि ५० क्षेत्रे. गुणाकार करून पाहा, दोन्हीकडून ४४,१०० च येतात. संगीताचे आयुष्य टेलिव्हिजनच्या ओळींनी ठरवले, असे म्हणायला हरकत नाही.

प्रत्येक मोजमाप १६ बिटांचे, म्हणजे उंचीच्या ६५,५३६ पायऱ्यांपैकी कोणती तरी एक. आता पायऱ्या म्हटले की माणूस दचकतो. लाटेचा जिना झाला, मग सुराची गोलाई गेलीच की! पण तसे होत नाही. लाटेतले सर्वांत उंच कंपन मोजण्याच्या वेगाच्या निम्म्याहून कमी असेल, तर त्या ठिपक्यांमधून जाणारी लाट एकच असू शकते, हे क्लॉड शॅनन याने १९४९ साली गणिताने मांडले. आपण परीक्षेत ‘रिकाम्या जागा भरा’ हा प्रश्न घालतो तेव्हा चांगला परीक्षक अशीच व्यवस्था करतो की, जागेला एकच उत्तर बसावे. ४४,१०० चे निम्मे २२,०५०. माणसाचा कान तरुणपणी फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. तेव्हा ऐकण्याजोगे सारे त्या आकड्यांत आलेलेच असते. डबीचे काम रिकाम्या जागा भरण्याचे, आणि त्या ज्याने भरायच्या त्यालाच फिल्टर म्हणतात.

इथे घोटाळा सुरू होतो. रिकाम्या जागा भरणारे असे सात फिल्टर आमच्या डबीत होते. एक तीव्र उताराचा, एक मंद उताराचा, एकात ‘लिनिअर फेज’, दुसऱ्यात ‘मिनिमम फेज’, आणि सर्वांत शेवटी ‘एनओएस’, म्हणजे मधल्या जागा न भरता आकडा जसाच्या तसा पुढच्या आकड्यापर्यंत धरून ठेवणारा. प्रत्येकाचे स्वभाववर्णन पुतण्याने फोनवरून सांगितले. पहिल्यात सूर टोकदार येतो, दुसऱ्यात मखमली येतो, तिसऱ्यात गायकाच्या भोवती हवा खेळते, चौथ्यात पखवाज जागच्या जागी उभा राहतो. मी वीस वर्षे मराठी शिकवतो. विशेषणांशी माझा रोजचा व्यवहार. नवकवितेच्या परीक्षणातसुद्धा इतकी विशेषणे इतक्या थोड्या जागेत मी पाहिली नव्हती. अशी विशेषणे दिसली की विद्यार्थ्याला मी एकच प्रश्न विचारतो: उदाहरण दे.

उदाहरण मिळवण्यासाठी घरातच परीक्षा घेतली. त्यात पहिली अट अशी की, दोन्ही वेळा आवाज अगदी सारखाच मोठा हवा. किंचित मोठा आवाज मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. दुकानदारांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. गल्लीतल्या वायरमनचा मल्टिमीटर आणला, शंभर कंपनांचा एकसुरी आवाज लावला आणि स्पीकरच्या तारांवरचा दाब मोजून फरक शंभरात एकाच्या आत आणला. दुसरी अट, कोणता फिल्टर लागला आहे हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये. ही जबाबदारी आमच्या हिने घेतली. रुपया उडवायचा, छापा आला तर तीव्र उतार, काटा आला तर मंद. वहीत टिपून ठेवायचे आणि चेहऱ्यावर काहीही दिसू द्यायचे नाही. यातली शेवटची अट तिला थोडी जड गेली.

सोळा वेळा ऐकले. नऊ उत्तरे बरोबर आली. ही वही मिटीत म्हणाली, “तुमच्याऐवजी या रुपयानं उत्तरं दिली असती, तरी आठ बरोबर आली असती.”

यात कानाला दोष द्यायचे कारण नाही. हे फिल्टर एकमेकांपासून वेगळे होतात ते बहुतेक १५,००० कंपनांच्या पुढे, मैफलीच्या अगदी कडेला. चाळिशी ओलांडलेल्या कानाला तो प्रदेश विरळ ऐकू येतो, आणि माझ्या संग्रहातल्या जुन्या तबकड्यांत तर तिथे सुरांची वस्तीच नाही. असते ती सुईची खरखर. राहता राहिला तो शेवटचा ‘एनओएस’. त्यात २०,००० कंपनांपाशी आवाज सुमारे तीन डेसिबेल खाली येतो. परंतु ५,००० पाशी ही घट एका डेसिबेलच्या पाचव्या हिश्श्याएवढीही नाही, आणि गाणाऱ्याच्या गळ्याचा बहुतेक संसार तेवढ्यातच चालतो. एखाद्या तरुणाला चांगल्या ध्वनिमुद्रणात तो फरक कळेलही. त्याने त्याला आवडेल तो ठेवावा. मी मात्र पंखा तीनावर ठेवून मोकळा झालो.

मग या साऱ्या कळा निरुपयोगीच का? तसे मुळीच नाही. ज्यांच्याविषयी कोणी विशेषणे वापरत नाही, अशा दोन-तीन गोष्टी खरोखर महत्त्वाच्या निघाल्या.

पहिली लॅपटॉपमध्ये आहे, डबीत नाही. पुष्कळदा संगणक आपल्या सोयीसाठी सगळे गाणे सेकंदाला ४८,००० च्या हिशेबात बदलतो आणि मग डबीकडे पाठवतो. ४४,१०० चे ४८,००० करायचे म्हणजे दर १४७ आकड्यांच्या जागी १६० नवे आकडे रचायचे. आजची यंत्रे हे काम बरे करतात, पण विनाकारण पुनर्लेखन कशाला? सेटिंगमध्ये जाऊन गाणे ज्या वेगाचे तोच वेग लावून द्यावा, आणि ‘एन्हान्समेंट’ नावाची सुधारणा बंद करावी. ज्या सुधारणेचे नावच सुधारणा असते, तिच्यापासून भाषेत आणि संगीतात सारखेच सावध राहावे.

दुसरी गोष्ट आवाजाच्या कळीची. आता घरात तीन कळा झाल्या: लॅपटॉपची, डबीची आणि ॲम्प्लिफायरची. तिघींनी एकदम कारभार केला की घराचे जे होते तेच आवाजाचे होते. लॅपटॉपची पूर्ण उघडून ठेवावी, डबीला ‘फिक्स्ड’ सांगून स्वस्थ बसवावे आणि कारभार एकट्या ॲम्प्लिफायरकडे द्यावा. डबीवरच आवाज कमी केला तरी आकाश कोसळत नाही. १६ बिटांचे गाणे २४ बिटांच्या डबीत आठ बिट मोकळे ठेवून बसलेले असते, आणि एक बिट म्हणजे सुमारे सहा डेसिबेल. तेव्हा पुष्कळ खाली आणेपर्यंत काही हरवत नाही.

तिसरी गोष्ट मात्र जमिनीत निघाली. लॅपटॉपचा चार्जर लावला की गाण्याच्या मागे एक बारीक घुंई सुरू होई. चार्जर काढला की बंद. सातही फिल्टर लावून झाले, घुंई हटेना. वायरमनने एकदाच ऐकले आणि विचारले, “सर, अर्थिंग हाय का घराला?” घर जुने. अर्थिंगची तार भिंतीत शिरताना दिसत होती, पण ती पुढे कुठे जाते हे कोणालाच ठाऊक नव्हते. मग परसात खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली, मीठ आणि कोळसा भरला आणि तार आत आणली. घुंई त्या दिवशी गेली. एवढेच की, आमच्याकडची जमीन उन्हाळ्यात दगडासारखी कोरडी होते. म्हणून त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी घालावे लागते. टँकरची वाट पाहण्याच्या दिवसांत ही त्या बादलीकडे आणि तुळशीकडे आळीपाळीने पाहते, बोलत काही नाही.

हे सारे मी इतक्या निगुतीने का करत होतो, ते आता सांगायला हवे. माझ्या कपाटात एक कॅसेट होती. आमचे वडील, नाना, शेतकरी; पण सप्ताहाच्या रात्री भजनाला उभे राहिले की लोक शेतकरी नाना विसरून जात. १९८७ च्या कार्तिकात गावच्या सप्ताहात त्यांचे भजन कोणी तरी टेप केले होते. आमच्या तालुक्यातली कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊस तोडायला कारखान्यांवर जातात. त्यांच्यातल्याच एकाने उचलीच्या पैशांतून नवा टेपरेकॉर्डर घेतला होता आणि कारखान्याची गाडी भरण्यापूर्वी त्याने तो सप्ताहात आणून ठेवला. वीज गेलेली होती, टेप सेलवर चालला होता. नाना १९९९ साली गेले. त्यांचे फोटो तीन आहेत. आवाज एवढाच आहे.

ही कॅसेट पुन्हा पुन्हा वाजवण्यात अर्थ नव्हता. फीत जुनी झाली की तिच्यावरची तपकिरी भुकटी झडू लागते, आणि भुकटीबरोबर सूर. फितीमागची दाबपट्टी केव्हाच गळून पडली होती. ती फीत दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या घरात भरली. हेडचा बारीक स्क्रू हलकेच फिरवून टाळांचा आवाज जिथे सर्वांत स्वच्छ येतो तिथे आणला, आणि मग उलट्या यंत्राने, म्हणजे सुरांचे अंक करणाऱ्या यंत्राने, ती एकदाच उतरवून घेतली. इथे मी २४ बिट घेतले. कॅसेटची खरखर पाहता १६ पुरले असते. पण आवाज कुठे हळू, कुठे एकदम मोठा, आणि दुसऱ्यांदा फीत लावायची नाही असे ठरवलेले. अशा वेळी कडेला कोरा समास जास्त सोडलेला बरा. त्रेचाळीस मिनिटांचे भजन हाती आले.

ते ऐकायचा पहिला मान आईचा. आई ऐंशीच्या पुढे आहे. बीडच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितले होते की, उंच सूर तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. चिमण्यांची चिवचिव तिच्यापुरती केव्हाच थांबली आहे, आणि कुकरच्या शिट्ट्या आता ही मोजते. तिला स्पीकरसमोर खुर्ची दिली. भजन सुरू झाले. पाचएक मिनिटे ती मान न हलवता ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “हे न्हाईत तुझे नाना. हे कुनीतरी पोरगं गातंय.”

माझ्या छातीत धस्स झाले. शब्द नानांचे, अभंगाआधी घसा खाकरायची सवय नानांची. ही हळूच म्हणाली, “त्यांना ऐकू कमी येतं हो.” मी फिल्टर बदलून पाहिला, आईने मान हलवली. आवाज वाढवला, तरी तेच. “मोठ्यानं लावून मानूस बदलत न्हाई,” ती म्हणाली आणि उठून देवघराकडे गेली.

दोन दिवस ते वाक्य माझ्या डोक्यात राहिले. पोरगं! घोगरा नाही, अस्पष्ट नाही, लहान वयाचा. वय कशाने कमी होते? सूर चढला की. आणि सारेच्या सारे भजन चढ्या सुरात केव्हा जाते? फीत मूळच्यापेक्षा वेगाने धावली की. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. पण सेल उतरले की मोटर मंदावते आणि फीत सावकाश सरकते. अशी सावकाश भरलेली फीत आज चांगल्या यंत्रावर पुऱ्या वेगाने लावली की सगळे लगबगीने, चढ्या पट्टीत आणि कोवळ्या गळ्याने गाऊ लागतात. त्या रात्री वीज असती तर तिची ५० कंपनांची घुंई फितीवर कुठे तरी उमटली असती आणि तिच्यावरून मूळ वेग काढता आला असता. ज्या घुंईसाठी मी परसात खड्डा खणला, तीच या वेळी साक्षीला हवी होती.

दुसरी साक्ष मात्र गावात होती. भजनी मंडळाची पेटी. पेटीतले सूर पितळी पट्ट्यांचे. ते वर्षानुवर्षे फारसे हलत नाहीत. मंडळातल्या वयोवृद्ध पेटीवाल्यांना विचारले, “नाना कोणत्या पट्टीत गायचे?” त्यांना आठवायला वेळ लागला नाही. “पांढरी चार. दुसरी पट्टी त्यांनी कधी घेतलीच न्हाई.” मी मोबाइलवर भजन लावले, त्यांनी भात्यावर हात ठेवला आणि सूर शोधू लागले. पांढरी चार जुळेना. त्यांनी बोट शेजारच्या काळ्या पट्टीवर नेले, आणि षड्ज चटकन बसला. काळी तीन! पेटीवाले माझ्याकडे पाहत राहिले. नाना काळी तीनमध्ये गात आहेत हे त्यांना जणू कोणी नानांवर घेतलेल्या आळासारखे वाटले.

पांढरी चारची काळी तीन म्हणजे अर्धा सूर, आणि अर्धा सूर म्हणजे वेगात सुमारे सहा टक्क्यांचा फरक. सुरुवातीला तो थोडा कमी होता, शेवटी थोडा जास्त; सेल भजनाबरोबर उतरत गेले होते. लॅपटॉपवर तुकड्या-तुकड्याने वेग कमी करत, प्रत्येक ठिकाणी पेटीचा सूर लावून पाहत मी ते सरळ केले. त्रेचाळीस मिनिटांचे भजन साडेपंचेचाळीस मिनिटांचे झाले. नाना अडीच मिनिटे जास्त मिळाले, असे ही म्हणाली.

आईला पुन्हा खुर्ची दिली. या वेळी फिल्टर कोणता होता, ते मी पाहिलेही नव्हते. पहिला आलाप संपायच्या आत तिने पदर डोक्यावरून नीट घेतला. माणूस घरात आला की ती घेते तसा. बऱ्याच वेळाने म्हणाली, “आता हायेत. जरा घोगरं लागतंय बघ. सर्दी झालती त्या वक्ताला. मी म्हनलं होतं, नका उभं राहू.”

आता मला सांगा, हे कोणत्या डबीच्या यादीत असते? डबी विचारते ते प्रश्न ठीक आहेत. उतार तीव्र हवा की मंद, बिट सोळा की चोवीस. त्यांची उत्तरे एका संध्याकाळी देऊन टाकावीत आणि यादी मिटावी. पण हा आवाज त्याच माणसाचा आहे का, हा प्रश्न डबी विचारत नाही. तिला आकडे दिले, तिने सूर दिला. आकडे चढे असतील तर सूरही चढाच. जुन्या तबकड्यांचे संग्राहक हे दुखणे चांगले ओळखतात. तबकडीला आपण सरसकट ७८ फेऱ्यांची म्हणतो, पण सुरुवातीच्या काळातल्या कित्येक तबकड्या ७० ते ८० च्या दरम्यान कोणत्या तरी वेगाने भरलेल्या आहेत. गायकाची पट्टी माहीत असलेला कोणी तरी शेजारी बसेपर्यंत गायकाचे खरे वय यंत्राला कळत नाही.

या बाबतीत सर्वांत शहाणपण दाखवले ते व्हॉयेजर यानाबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवणाऱ्यांनी. १९७७ साली ती अवकाशात गेली. तिच्यावर भारताचे एकच गाणे आहे, गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी, सुमारे साडेतीन मिनिटांची. व्हॉयेजर-१ ५ सप्टेंबरला सुटले. केसरबाई त्याच महिन्याच्या १६ तारखेला वारल्या. त्या तबकडीच्या वेष्टनावर, ती सापडेल त्याच्यासाठी, एका फेरीला किती वेळ लागला पाहिजे हे कोरून ठेवले आहे: ३.६ सेकंद. आपला सेकंद परक्याला कसा कळणार, म्हणून तो वेळ हायड्रोजनच्या अणूच्या मापाने सांगितला आहे. केसरबाईंना ओळखणारा तिथे कोणी नसेल, तरी त्यांचा षड्ज त्यांचाच राहावा, अशी ही तजवीज आहे.

आपल्या घरातल्या कॅसेटवर अशी तजवीज कोणी केलेली नसते. आजोबांचे बोलणे, आत्याच्या ओव्या, कोणाच्या तरी लग्नातली मंगलाष्टके. वर निळ्या शाईने एखादे नाव, फार तर साल. या दिवाळीत माळा आवरताना अशी एखादी कॅसेट हाती आली, तर उत्तम डॅक कोणता याची चौकशी सवडीने करा. फीत आणखी चार वर्षे कशीबशी थांबेल. तो आवाज ओळखणारे जे कान घरात आहेत, त्यांना आधी खुर्ची द्या.

आमच्या कॅसेटच्या डबीत मी एक कागद घालून ठेवला आहे. पुढे कोणी उघडली तर त्याला उपयोगी पडावा. त्यावर नानांचे नाव, गाव, कार्तिक १९८७, सेल उतरलेले, एवढे लिहिले आहे. खाली ‘पांढरी चार’. आणि आईने आवर्जून लिहायला लावले म्हणून शेवटी, ‘सर्दी होती.’